अडीच तारे

बसूच्या दुसऱ्या अल्बमवर छापून आलंय
हे आईला कळलं ते पेढ्यांवरून नाही,
तो दोन दिवस दाढी न करता
गॅलरीत उभा होता त्यावरून.

मग कात्रणं घेऊन मला बसवलं.
मी मसाला मार्केटला बिलं करते, हळद, धणे, जिरे,
म्हणजे घरातली इंग्रजी माझ्याकडे.

"किती दिलेत?"
अडीच तारे.
"पाचात की दहात?"
पाचात.
"मग पास आहे की."

पहिल्याला साडेचार होते. 'सुरुंग'.
तुर्भे स्टोअरच्या खोलीत गोधडी डोक्यावर घेऊन
त्याने तो रेकॉर्ड केला,
दुपारी खाणीत बार उडायचे म्हणून थांबत थांबत.
एकदा थांबायचा राहिला. तो बार गाण्यात गेला.
त्या एका बारावर एका साहेबांनी
दोन परिच्छेद लिहिले होते.

'तिसरा मजला' घणसोलीत झाला.
सिडकोची लॉटरी, वीस वर्षांचा हप्ता,
खिडकीला सरकती काच
आणि सगळे आवाज काचेपलीकडे.

मी वाचते: पहिल्या अल्बममधली भूक इथे दिसत नाही.
आई म्हणते, "नसंल दिसत.
सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्यात त्याने."
मी वाचते: गायक आता स्थिरावला आहे.
ती यल्लम्माच्या फोटोकडे बघून हात जोडते.
एक शब्द मला लागत नाही, कोहेसिव,
तो मी जिऱ्यातल्या खड्यासारखा बाजूला काढते.
मी वाचते: सगळंच फार गुळगुळीत झालंय.

इथे ती मला थांबवते.
गुळगुळीत तिचा विषय.

बावीस वर्षं ती वाशीच्या सेक्टरांतून फिरली,
पिशवीत छिन्नी-हातोडी, काखेत बसू,
टाकीयेऽऽ, पाट्याला टाकीऽऽ
आणि बायका पाटा घेऊन खाली यायच्या,
वरवंटा कडेवर, तान्ह्या पोरासारखा.
मिक्सर आले, गिऱ्हाईक गेलं.
बसू दम कुठे घेतो ते नीट ऐका.
ओळ संपते तिथे नाही.
जिना संपतो तिथे.
हे कुणाच्याच कात्रणात नाही.

"अगं, न वापरलेला पाटा कधी गुळगुळीत होतो का?
वाटून वाटून होतो. मग टाकी द्यायची.
दहा मिनिटांचं काम. सांग त्या साहेबाला."

साहेबाला.
साहेबाचा फोन गॅलरीत चालूच आहे,
बसू म्हणतोय हो सर, नाही सर,
बरोबर आहे तुमचं सर,
आणि अंगठ्याच्या नखाने
ग्रिलचा नवा रंग खरवडतोय.

सातवं गाणं एक्केचाळीस सेकंदांचं.
त्यात शब्द नाहीत.
आईने घरच्या पाट्याला दिलेली टाकी, तेवढीच.
माईक उशीवर ठेवला होता.
"गायला नको लावू म्हणजे झालं," म्हणाली होती,
आणि शेवटच्या ठोक्यानंतर फुंकर मारून
दगडाची भुकटी उडवली, तीही आत आहे.

त्यावर कात्रणात एकच वाक्य आहे.
सातवा ट्रॅक भरताड; गाळला असता तरी चाललं असतं.

मी बोट त्या ओळीवर ठेवते.

"आणि माझं काय लिहिलंय?"

कागद इथे फाटलाय, आई.

ती कागद मागते. उलटा धरते,
चारी कडांवरून अंगठा फिरवते.
फाटलेला नाही हे कळायला
वाचता यावं लागत नाही.

काही बोलत नाही ती.
अडीच ताऱ्यांची चौघडी घालते,
ओट्याखालच्या पाट्याचा एक कोपरा उचलते
आणि खाली सारते.
"डुगडुगत होता कधीचा," म्हणते,
"लसूण सोल."